अर्ध्या नऊची साक्ष

बालनहेवन, स्कॉटलंड
९ सप्टेंबर २०२४

प्रिय योरुन,

हातात चहा असेल तर आधी खाली ठेव. आपल्यावर सिनेमा निघालाय.

आपल्यावर म्हणजे ओम्मुनच्या खटल्यावर. सोबत कात्रण आहे, चष्मा लावून वाच. गेल्या वर्षी जुन्या कोर्टाला रंग लागत होता तेव्हा मला वाटलं नगरपालिकेला अक्कल आली. कसलं काय, ती सिनेमावाल्यांची माणसं होती. फेब्रुवारीत लागणार, पहिला खेळ आपल्याच गावात. मासळीच्या दुकानापासून चर्चच्या पायरीपर्यंत दुसरा विषय नाही. ज्यांच्या आया तेव्हा पाळण्यात होत्या, तेही खटल्याचे जाणकार झालेत.

आता नटमंडळी ऐक. सरकारी वकील झालाय तो म्हातारा, ज्याने जन्मभर राजेच केले. ओम्मुन झालाय एडिंबरोचा कुणी रॉरी, सहा फुटी आणि निळ्या डोळ्यांचा. आपला ओम्मुन माझ्या खांद्याला लागायचा, आणि कान तर एवढे की तूच म्हणायचीस, वारा सुटला की याला धरून ठेवावं लागतं. आणि तू झालीयेस सिग्ने ब्राम्सलेव नावाची डॅनिश पोरगी. नॉर्वेची मुलगी हवी म्हणून डेन्मार्कची आणली. रागावू नकोस, देखणी आहे. मी दोन वर्षं खलाशांच्या खाणावळीत तुझ्या शेजारी उभं राहून भांडी घासली, पण मला मात्र कुणी घेतलेलं नाही.

आठवतं, दर शनिवारी आपण सिनेमाला जायचो? खेळ अर्ध्या सातला असायचा. मी वेळेवर यायचे आणि तू तासभर आधीपासून दारात गारठून उभी. एकाहत्तर साली मी तुमच्या बेटावर आले, तेव्हाही बोट यायच्या तासभर आधी बाईसाहेब धक्क्यावर हजर. एवढी उतावळी बाई मी जन्मात पाहिली नाही.

सिनेमाचं नाव ‘ती हसली’. का ते मला विचारू नकोस. आणि हो, नव्वदाव्या वर्षी प्रवासाच्या भानगडीत पडू नकोस. मी बघते आणि तुला सगळं लिहून कळवते.

तुझी,
एल्स्पेट


कोपरविक, कारमोय
२४ सप्टेंबर

प्रिय एल्स्पेट,

डॅनिश! अगं, त्यांचं बोलणं म्हणजे तोंडात गरम बटाटा. पण असो, पोरीने साक्ष नीट दिली म्हणजे झालं.

तू म्हणतेस येऊ नकोस, ते जमायचं नाही. मी येणार, आणि जमलं तर मालेनेला घेऊन येणार. मालेने म्हणजे ओम्मुनची धाकटी बहीण, तुला तिच्याबद्दल मी कधी लिहिलं नाही. शहाऐंशीची झाली. तिच्या आणि माझ्या घरामध्ये चारशे पावलं आहेत, मी मोजलीत. सत्तर वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चर्चमध्ये मी ज्या बाकावर बसते त्यावरून ती उठून जाते. माझे यजमान गेले तेव्हा दफनानंतर सगळं गाव कॉफीला आलं, ती आली नाही. आमच्याकडे माणसं भांडत नाहीत, नुसती उठून जातात.

मला वाटतं, मी तिच्या भावासाठी पुरेसं काही केलं नाही असं तिच्या मनात आहे. आता ती स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. मी दुसरं काय करू शकत होते? खुनाच्या संध्याकाळी तो खाणावळीत आला, हात धुतले आणि माझ्यासमोर बटाटे सोलायला बसला. अर्धी बादली सोलून झाली तेव्हा चर्चचे नऊ ठोके पडले. तो ठोके मोजत होता, आमच्या भाषेत. जूनचं ऊन अजून खिडकीत होतं. हेच मी कोर्टात सांगितलं, दुभाष्याशिवाय, माझ्या स्वतःच्या इंग्रजीत. कधी आला? अर्ध्या नऊला. नक्की? नक्की, मी घड्याळ पाहिलं होतं. आणि खाली उतरताना ओम्मुनकडे बघून हसले. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढे दोन शब्द त्याला कळले. तोही हसला. मला वाटलं, सुटला.

त्याच संध्याकाळी मला न्यायला आलेल्या वडिलांनी बोटीत घातलं. निकाल मला इथे कळला. पंधरा माणसांच्या ज्युरीत आठ विरुद्ध सात, आणि फाशी. आठ जणांनी एका परदेशी भांडीवालीवर विश्वास ठेवला नाही. सत्तर वर्षं मी एवढ्या एकाच गोष्टीवर उभी आहे की मी खरं बोलले. मरायच्या आधी मालेनेने ते ऐकावं, बस.

तुझी,
योरुन


बालनहेवन
८ ऑक्टोबर

योरुन,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

नऊच्या ठोक्यांना तो तुझ्यासमोर बसला होता? ज्याचा खून झाला त्या गोदामवाल्या ग्रेगची किंकाळी पहारेकऱ्याने त्याच ठोक्यांमध्ये ऐकली. सगळा खटला त्या नऊवर उभा होता. मग कोर्टात अर्धे नऊ का म्हणालीस? मी गॅलरीत होते, या कानांनी ऐकलंय. त्याच्या स्वतःच्या वकिलाने तुला दोनदा विचारलं की याच्या आधी तर आला नव्हता ना. आणि तू ताठ मानेने म्हणालीस, आधी नाही, नंतर नाही, अर्ध्या नऊला. तो बिचारा खाली बसला. आणि तू हसलीस.

गावाने तुला काय काय म्हटलं ते मी कधी तुला लिहिलं नाही. सिनेमातही तेच आहे, हेही लपवलं. वाचनालयातली शीना चित्रीकरणाच्या गर्दीत उभी राहायला गेली होती, तिने पाहिलंय. ओम्मुन दुसरीशी लग्न करणार होता म्हणून तू सूड उगवलास असं दाखवलंय. मी शीनाशी भांडले. म्हटलं, योरुन खोटं बोलणारी नाही, तो उशिरा आला म्हणून तिने उशिरा सांगितलं, स्वतःच्या माणसाविरुद्ध खरं बोलायला छाती लागते. सत्तर वर्षं मी हेच म्हणत आले.

आणि आता तूच लिहितेस की नऊला तो तुझ्याकडे होता. मग मी कुणाची बाजू घेत होते?

एल्स्पेट


कोपरविक
२० ऑक्टोबर

एल्स्पेट,

म्हातारपणाने तुझं डोकं फिरलंय का? तो अर्ध्या नऊला आला, म्हणून तर नऊला माझ्यासमोर होता. यात न कळण्यासारखं काय आहे? सूड कसला, आणि दुसरी कोण? त्याने लग्नात घालायला माझ्यासाठी हातमोजे घेतले होते.

वकिलाने दोनदा विचारलं ते ज्युरीच्या कानावर पक्कं पडावं म्हणून. मी तेव्हाही तसंच समजले, आजही तसंच समजते.

आणि माझ्या इंग्रजीवर संशय घेऊ नकोस, ते तूच शिकवलेलं आहे. मी पुस्तकातल्यासारखं ‘आठ वाजून तीस मिनिटं’ म्हणत होते, तेव्हा पोट धरून कोण हसलं होतं? म्हणालीस, असं फक्त मास्तर बोलतात, आम्ही अर्धे सात, अर्धे आठ असंच म्हणतो. मला किती आनंद झाला होता, अगदी आमच्यासारखंच म्हणून. त्या एका गोष्टीने मला तुमचा देश आपला वाटायला लागला. म्हणून तर कोर्टात दुभाषा नको म्हणाले.

तिकीट काढलंय. तुझ्याकडे उतरणार नाही, खाणावळीच्या जागी आता हॉटेल आहे म्हणे, तिथे उतरेन.

योरुन


बालनहेवन
२ डिसेंबर

प्रिय योरुन,

उत्तराला उशीर झाला. पाय मुरगळला होता. माझं मागचं पत्र चुलीत टाक, त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू खरं बोललीस, मला त्यात तसूभर शंका नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

सिनेमा लांबणीवर पडलाय असं ऐकते, केव्हा लागेल याचा नेम नाही. तिकीट परत कर. इथे बर्फ आहे, रस्ते घसरडे झालेत, तुला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू? सिनेमा तो सिनेमा, त्यात काय ठेवलंय. उन्हाळ्यात मीच येते तुझ्याकडे. ओटमीलची बिस्किटं पाठवतेय, दातांना जपून खा.

तुझी, नेहमीच तुझी,
एल्स्पेट


कोपरविक
१५ डिसेंबर

एल्स्पेट,

सिनेमा लांबणीवर पडलेला नाही. एकवीस फेब्रुवारीला लागतोय. मला त्या डॅनिश मुलीने सांगितलं.

तिचा फोन आला होता, आमच्या पाळकाकडून नंबर घेऊन. गोड बोलते, हळूहळू बोलली म्हणून मला कळलंही. म्हणाली, आजी, काम करून झालं, पण एक गोष्ट मला आतून सतावते. तुम्ही हसलात का? सगळे म्हणतात दुष्टपणाने, आणि मला काही तो दुष्टपणा चेहऱ्यावर आणता येईना. मी तिला सगळं सांगितलं, आमच्या भाषेत. तो हाल्व नीला आला, अर्ध्या नऊला, बटाटे सोलत बसला, मग नऊ वाजले. तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मग म्हणाली, “आजी, हे तुम्ही कोर्टात इंग्रजीत सांगितलंत? हेच दोन शब्द?”

मी म्हटलं, हो, हेच. ती रडायला लागली. तिच्याकडेही आमच्यासारखंच म्हणतात, एल्स्पेट. अर्धे नऊ म्हणजे नवाकडे जाताना निम्मी वाट, साडेआठ. तिने मला सांगितलं की तुमच्याकडे आधी नऊ वाजतात आणि मग वर अर्धा तास मोजतात. तुमचे अर्धे नऊ म्हणजे साडेनऊ. शाळेत असताना लंडनला तिची गाडी याच पायी चुकली होती. तिची गाडी चुकली.

मी दोन दिवस खुर्चीतून उठले नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून कपाटात ठेवलंय, पण त्याची टिकटिक तिथूनही ऐकू येते. त्या वकिलाने दोनदा विचारलं. दोनदा त्याने मला दार उघडून दिलं आणि दोनदा मी ते ओम्मुनच्या तोंडावर लावलं. वर हसले. आठ विरुद्ध सात, म्हणजे एकच माणूस फिरायला हवा होता. मी दुभाषा घेतला असता तर तो आज कुणाचा तरी आजोबा असता, मोठ्या कानांचा.

मला एकच सांग. त्याला शेवटी कळलं का, की त्यांनी काय ऐकलं? तो मला खोटारडी समजून गेला का? हे मला कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी त्याच प्रश्नाभोवती फिरतेय.

आणि तुला कधी कळलं?

योरुन


बालनहेवन
२३ डिसेंबर

योरुन, माझे बाई,

ऑक्टोबरात कळलं. ‘अगदी आमच्यासारखंच’ हे तुझं वाक्य वाचलं आणि मला सिनेमाच्या दारात तासभर आधी गारठलेली तू दिसलीस. दर शनिवारी, दोन वर्षं, आणि पुन्हा एकाहत्तरच्या धक्क्यावर. मी तुला उतावळी म्हणून हसत राहिले. एकदा, एकदाच विचारलं असतं की बाई गं, तू इतक्या लवकर का येतेस, तर तो माणूस जगला असता.

मी तुला हे का सांगितलं नाही? भ्याले म्हणून. तुला जपायला म्हणून नव्हे, उगाच मला चांगुलपणा देऊ नकोस. ते शब्द तुझ्या तोंडात मी घातले होते. तुझं पुस्तकातलं इंग्रजी बरं होतं. मी हसले, तुला गावंढळ ठरवलं आणि माझं शिकवलं.

आणखी एक सांगते, मग तू मला हवं ते म्हण. माझी आजी तुझ्यासारखीच वेळ सांगायची. जुनी माणसं आमच्याकडेही अर्धे नऊ म्हणजे साडेआठच म्हणायची. आम्ही पोरी तिची थट्टा करायचो. ज्युरीत म्हातारे किती होते मला आठवत नाही. पण त्या सात जणांचा विचार मनातून जात नाही. त्यांनी तुझं बरोबर ऐकलं असेल का, आणि बाकीचे आठ आमच्यासारखे तरणे असतील का?

काल सिनेमावाल्यांना फोन केला. एक माणूस फार अदबीने बोलला. म्हणाला, गोष्ट हृदयद्रावक आहे, पण सिनेमा पुरा झाला आणि त्या हसण्याची पोस्टरं भिंतीभिंतीवर लागलीत. आता बदलणं नाही. मी म्हटलं, ते हसू खोटं आहे. तर म्हणाला, मॅडम, आम्ही सिनेमाच्या सुरुवातीला लिहितो की काही भाग काल्पनिक आहे.

ओम्मुनला काय कळलं ते मला ठाऊक नाही. खोटा धीर देणार नाही, या महिन्यात एकदा खोटं लिहिलं तेवढं पुरे. दोष द्यायचा तर मला दे. पण जेव, काहीतरी गरम कर आणि जेव. आणि घड्याळ परत भिंतीवर लाव.

एल्स्पेट


कोपरविक
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय एल्स्पेट,

जानेवारीभर तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्याआधी चारशे पावलं चालायची होती आणि ती होत नव्हती. दोनदा तिच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. काल गेले.

मालेनेने दार उघडलं आणि लगेच लावायला लागली. मी काठी मध्ये घातली. या वयात एवढंच जमतं. तिथेच उंबऱ्यावर उभ्या उभ्या सांगितलं. मी कोर्टात काय म्हणाले, त्यांनी काय ऐकलं, तुझा भाऊ नऊला कुठे होता. माफी मागायला आले नाही म्हटलं, माफीसारखी ही गोष्टच नाही. फक्त तुला ठाऊक असावं.

ती वळली. आत गेली, दार उघडंच ठेवून. मला वाटलं, नेहमीसारखी उठून गेली. पण कागद घेऊन परत आली. ओम्मुनचं शेवटचं पत्र, तुरुंगातून आईला लिहिलेलं. चार ओळी आहेत. एल्स्पेट, त्यातली एक अशी आहे, ‘योरुनने खरं तेच सांगितलं, तिला कुणी बोल लावू नका.’

तो जाताना मला खोटारडी समजला नाही. त्याला माझे शब्द माझ्यासारखेच ऐकू आले होते. दुभाष्याने त्याला नंतर काय सांगितलं, सांगितलं की नाही, देव जाणे. पण या घरात ती ओळ वेगळीच वाचली गेली. आमच्या वर्तमानपत्रात आलं होतं की साक्षीदार बाई साडेनऊ म्हणाली. आणि मुलगा लिहितो, ती खरं बोलली. म्हणजे झालंच की, त्याने गुन्हा कबूल केला. आईने त्याचा फोटो उतरवला. घरच्या थडग्यावर सगळ्यांची नावं आहेत, त्याचं नाही. मालेने मला टाळत होती ती माझ्यावरच्या रागाने नाही. मी दिसले की तिला वाटायचं, हिला ठाऊक आहे आमचा ओम्मुन खुनी होता.

सत्तर वर्षं मी मान वर करून चालले आणि ती खाली घालून. दोघींचंही उलटं होतं.

ती बाकावर बसली. मला बस म्हणाली नाही, मीच बसले. बराच वेळ ती त्या एका ओळीवरून बोट फिरवत होती. रडली नाही. मीच रडले, आणि तिने मला रडू दिलं, हात लावला नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. कदाचित कधी म्हणणारही नाही.

मी बालनहेवनला येणार नाही. त्या पोरीचं हसू मला बघवणार नाही. तू जा. सिग्नेने तुझ्यासाठी जागा ठेवायला सांगितलंय. ती हसेल तेव्हा शेजारी जो कुणी बसला असेल त्याला सांग की ही बाई का हसली. एकाला सांगितलंस तरी चालेल, एकच माणूस कमी पडला होता.

मी उठले तेव्हा मालेने म्हणाली, उद्या पाथरवटाला बोलावते, ओम्मुनच्या नावासाठी थडग्याच्या दगडाचं माप घ्यायला. तू ये. हाल्व नीला.

मी दारात थांबले.  विचारलं, “साडेआठला ना?”

तिने वर बघितलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

“दुसरं काय असतं?” म्हणाली.

योरुन